अंगात राहिलेलं लहानपण

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेने एक वेगळाच नामकरण समारंभ घेतला. बारशाचा पाळणा तिथे नव्हता. ज्यांचं नाव ठेवायचं होतं त्या मुली शाळेत जाणाऱ्या होत्या आणि त्यांचं नाव एकदा ठेवून झालेलं होतं : नकुशा, नकुशी, नकोशी. मुलीवर मुलगी झाली की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून ठेवलेलं नाव. त्या दिवशी २८५ मुलींना नवी नावं मिळाली. शाळेच्या दाखल्यावर नाव बदलायला एक अर्ज पुरतो. पण दहा-बारा वर्षं रोज हजेरीला, पाणवठ्यावर, पाहुण्यांसमोर ज्या नावाला ‘ओ’ दिली त्याचं पोरीच्या अंगात काय होतं? तिच्या बाळंतपणात, चाळिशीनंतरच्या रक्तदाबात, रात्री न लागणाऱ्या झोपेत ते कुठे दिसतं का? हा प्रश्न समारंभाच्या आवाक्यातला नव्हता. तुमच्या हातातल्या पुस्तकाने तो हाती घेतला आहे.

विषय नवा वाटला तरी त्याची जाण आपल्या घरांत जुनी आहे. पोर रात्री दचकून उठायला लागलं, जेवेनासं झालं की आजी म्हणायची, ‘भ्यालंय ते, धसका घेतलाय.’ मग मीठ-मोहऱ्या उतरून टाकायच्या, अंगारा लावायचा, दोन दिवस कुशीत घेऊन झोपायचं. भीती अंगात बसते आणि माणसाच्या उबेने ती उतरते, हे त्या बाईला ठाऊक होतं. सहाव्या वर्षी बसलेली भीती उतरलीच नाही तर पन्नाशीत हृदय, यकृत, फुप्फुस यांच्यापर्यंत तिचा माग लागतो, हे मात्र गेल्या तीन-चार दशकांतच पुढे आलं आहे. त्या शोधाची वाट नवख्या वाचकाला आधी दाखवायला हवी.

सुरुवात अनाथालयांपासून झाली. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ यांनी दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना मांडली. एक ठिकाण होतं स्वच्छ, नीटनेटकं अनाथालय. तिथे एकेका दाईकडे कितीतरी मुलं. दुसरं होतं तुरुंगातलं पाळणाघर, पण तिथे आया स्वतःच्या मुलांना स्वतः सांभाळत होत्या. तुरुंगातली मुलं वाढली. स्वच्छ अनाथालयातली मुलं खंगली, आजारी पडली, त्यांतली बरीच दगावली. पुढे १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि आई किंवा आईच्या जागी असलेल्या एका स्थिर माणसाशी जुळलेलं नातं ही मुलाच्या मनाची मूलभूत गरज आहे, असं ठामपणे मांडलं. या घराण्याचा भर नात्यावर होता. पुढच्या आयुष्यातला मधुमेह किंवा हृदयविकार त्याच्या नजरेसमोर नव्हता.

लहानपण आणि पुढचे आजार यांची गाठ पडली अमेरिकेत, आणि तीही लठ्ठपणाच्या दवाखान्यात. सॅन दिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत होते. ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं असेच अनेक रुग्ण मध्येच उपचार सोडून जात. त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर लक्षात आलं की त्यांतल्या पुष्कळांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. काहींना तर वाढलेलं वजन संरक्षण वाटत होतं, कारण त्यामुळे कुणाची नजर अंगावर येत नव्हती. डॉक्टर ज्याला आजार समजत होते तो रुग्णाने शोधलेला उपाय होता. या विषयातलं हे निरीक्षण मला सर्वांत मोलाचं वाटतं. दारू, तंबाखू, अति खाणं, सतत अंगावर ओढून घेतलेली भांडणं यांच्याकडे एकदा या नजरेने पाहिलं की ‘सवय सोड’ एवढं सांगणं किती अपुरं आहे ते समजतं.

फेलिटी आणि रोगप्रसाराचे अभ्यासक रॉबर्ट अँडा यांनी मग सतरा हजारांहून अधिक प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं : मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरात दारू किंवा नशा, मनोरुग्ण माणूस, आईला होणारी मारझोड, घरातलं कुणी तुरुंगात. पुढे उपेक्षा आणि आईबापांची फारकत धरून यादी दहाची झाली. १९९८ मध्ये पहिला निबंध छापून आला. त्यानुसार निम्म्याहून अधिक लोकांच्या वाट्याला यांतला एक तरी अनुभव आलेला होता. ज्यांच्या वाट्याला चार किंवा त्याहून अधिक आले होते त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या चार ते बारा पट निघाला. अनुभव जितके जास्त तितका हृदयविकाराचा, कर्करोगाचा, फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा आणि यकृताच्या आजाराचा धोकाही पायरीपायरीने चढत गेला. ही माणसं गरीब वस्तीतली नव्हती. बहुतेक गोरी, शिकलेली, विमा असलेली मध्यमवर्गीय होती.

हे होतं कसं, याचं उत्तर जीवशास्त्राने शोधलं. धोका दिसला की अंगात कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, रक्तात साखर येते. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. जगण्यासाठी ही उत्तम सोय आहे. पण धोका रोज संध्याकाळी प्यालेल्या बापाच्या रूपाने दारात येत असेल तर शरीर पूर्वपदावर यायला उसंतच मिळत नाही. ब्रूस मॅक्‌इवेन यांनी या सततच्या झिजेचा सिद्धांत मांडला. धास्तीची नोंद घेणारा मेंदूचा भाग अधिक जागरूक होतो. स्मरण आणि संयम सांभाळणाऱ्या भागांवर ताण येतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा मागोवा संशोधक आजवर घेत आले आहेत. त्यांच्यात लहानपणी छळ सोसलेल्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षीही दाहाची लक्षणं जास्त आढळली. मायकेल मीनी यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की पिलाला आई किती चाटते-कुरवाळते यावर त्याच्या ताणाशी संबंधित जनुकांचं काम कमी-जास्त होतं. आणि पिलू दुसऱ्या, मायाळू मादीकडे दिलं तर चित्र बदलतं.

याला समांतर असलेली दुसरी वाट आपल्या अगदी शेजारून गेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं वजनाला कमी, दिसायला किरकोळ, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, हे त्यांनी दाखवलं. पुढच्या मधुमेहाची पायाभरणी आईच्या पोटात असतानाच होऊ शकते, हा ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांचा विचार त्यातून भारतीय मातीत तपासला गेला. ही पोषणाची भाषा आहे आणि आधीची मनाच्या जखमेची. परिषदांमध्ये दोन्ही भाषा बोलणारी माणसं एकमेकांना क्वचितच भेटतात. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या दुष्काळी तालुक्यांत मात्र अर्धपोटी राहिलेली बाई आणि मार खाल्लेली बाई पुष्कळदा एकच असते.

या विद्येच्या मर्यादाही सुरुवातीलाच सांगायला हव्यात. फेलिटी-अँडांच्या यादीतल्या दर अनुभवाला एक गुण धरून बेरीज केली तरी एकेका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. दहापैकी सहा गुण मिळाले म्हणून कुणाला हृदयविकार होणारच, असं नसतं. ही मोजणी समूहासाठी आहे, एकेका माणसाची परीक्षा घेण्यासाठी वापरू नका, असा इशारा खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये दिला. प्रौढपणी आठवून सांगितलेलं आणि लहानपणी प्रत्यक्ष नोंदलेलं यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही, हेही सिद्ध झालं आहे. शिवाय एक उमेदीची बाजू आहे. हवाई बेटांतल्या कवाई इथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी दशकानुदशकं अभ्यास केला. अत्यंत बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, शिक्षिका, शेजारीण, कुणीतरी.

आता आपल्या मुलखाकडे येतो, कारण माझा मुख्य मुद्दा इथे आहे. अमेरिकेतली ती यादी घराच्या चार भिंतींत जे घडतं तेवढंच मोजते. सातारा-सांगलीतल्या मुलांच्या वाट्याला आलेल्या जखमा चार भिंतींत मावत नाहीत.

१९०१ सालची गोष्ट घ्या. साताऱ्यात राहणारी चार मुलं वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. तिथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारने तलाव खोदायला घेतला होता. मुलं नव्या कपड्यांत, आनंदात आगगाडीने मसूरला उतरली. पाठवलेलं पत्र वडिलांच्या हाती पडलेलं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. आपुलकीने चौकशी करणाऱ्या स्टेशनमास्तरला मुलांनी आपण महार असल्याचं सांगितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने चालत यायचं, या बोलीवर ती निघाली. रात्र जकातनाक्यापाशी काढली. शिदोरी जवळ होती, पण पाणी कुणी दिलं नाही, म्हणून पोरं उपाशीच झोपली. त्यांच्यातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा भीमराव आंबेडकर. आई भीमाबाई १८९६ मध्ये साताऱ्यातच वारल्या होत्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत भीमरावांचं नाव दाखल झालं, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, तिथे बसायला गोणपाट घरून न्यावं लागे आणि शिपायाने वरून ओतलं तरच पाणी मिळे. हा प्रवास बाबासाहेबांनी सुमारे पस्तीस वर्षांनी लिहून काढला तेव्हाही त्यातले तपशील ताजे होते.

याची नोंद जुन्या यादीत कुठे करायची? घरात मारहाण नव्हती, नशा नव्हती. वडील मुलांच्या शिक्षणासाठी झिजणारे होते. तरी अख्खं गाव, स्टेशन, रस्ता आणि पाणी त्या मुलांवर उलटलं होतं. बाबासाहेबांच्या नंतरच्या मधुमेहाचा संबंध मसूरच्या रात्रीशी जोडण्याचा खुळेपणा मी करणार नाही. एका आयुष्यावरून असं काही सिद्ध होत नसतं. मुद्दा यादीचा आहे. वंशभेद, गुंडगिरी, वस्तीतली हिंसा या गोष्टी पाश्चात्त्य संशोधकांनी पुढे यादीत घातल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीतही सामूहिक हिंसेला जागा मिळाली. मराठी वाचकाला मात्र हे कधीचं वाचायला मिळत होतं. फलटणकडच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, कैकाडी समाजातल्या पोराची भटकंती सांगणारं लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, वाटेगावहून आईबापांसोबत मुंबईपर्यंत पायी गेलेल्या अण्णा भाऊ साठ्यांचं बालपण. वैद्यकीय महाविद्यालयांनी ही आत्मकथनं कधी पाठ्यपुस्तकांशेजारी ठेवली नाहीत. ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

आजच्या जखमा वेगळ्या आहेत, पण त्याही बव्हंशी घराबाहेरून आत येतात. गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची तर पहाटेच फडात जावं लागतं. मागे खोपीत आठ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन बसते. शाळा सुटते, अंधारात एकटेपण येतं आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी ‘सुरक्षित राहील’ म्हणून तिचं लग्न लावलं जातं, कारण जोडपं झालं की नवा कोयता तयार होतो. आईबाप निष्ठुर नसतात. कामाची रचनाच अशी आहे की तिच्यात मुलासाठी जागा नाही. मिरज-सांगलीत धंदा करणाऱ्या, त्यांतल्या कित्येक देवदासी असलेल्या बायकांनी १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. शाळेत, दवाखान्यात आपल्या मुलांना मिळणारी हीन वागणूक हा प्रश्न त्या मांडत आल्या आहेत. त्यांचं म्हणणं अस्वस्थ करणारं आहे आणि म्हणूनच ऐकण्याजोगं.

आपत्तींची वेगळी रांग आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं तेव्हाची मुलं आज साठी-सत्तरीत आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथे दरडी कोसळल्या. पंचनाम्यात घरं, जनावरं, पिकं येतात. पावसाचा आवाज आला की आजही झोप उडणाऱ्या मुलाची नोंद करायला पंचनाम्यात रकाना नसतो.

आणि सगळ्यांत झाकलेली जखम म्हणजे लैंगिक अत्याचार. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्रासह तेरा राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. त्यांत मुलगेही होते. बहुतेकांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच वर्षांनी पोक्सो कायदा आला. कायद्याने गुन्हेगाराचं काय करायचं ते ठरवलं. ते मूल तीस वर्षांचं होऊन पोटदुखी, अंगदुखी, घाबरेपणा घेऊन तपासण्यांमागून तपासण्या करत फिरतं तेव्हा त्याला ‘काय होतंय’ याच्या जोडीने ‘काय झालं होतं’ हे विचारणारं कुणी भेटेल याची व्यवस्था अजून झालेली नाही. १८९४ पासून मिशन हॉस्पिटलची परंपरा असलेल्या, वैद्यकपंढरी म्हणवणाऱ्या मिरजेतही हा प्रश्न केसपेपरवर क्वचितच येतो.

मग उपाय काय? मानसोपचारतज्ज्ञ वाढायलाच हवेत, पण ते तालुक्याला पुरेसे होईपर्यंत हातावर हात धरून बसावं, असं मला वाटत नाही. याच मातीत उपायांची एक परंपरा आहे. आरोग्याच्या इतिहासात तिची नोंद झालेली नाही, एवढंच. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी जोतिरावांसह १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं आणि तो डॉक्टर झाला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवत, एकत्र राबत. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडलं. बेबीताई कांबळे यांनी निंबुऱ्याला मुलांसाठी आश्रमशाळा चालवली.

इथे जाणकार वाचक अडवेल, आणि त्याने अडवावंच. स्पिट्झपासून रुमानियापर्यंतचं सगळं संशोधन सांगतं की संस्थेत वाढणं मुलाला बाधतं. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयातली १३६ लहान मुलं निवडली गेली. त्यांतली जी कुटुंबांत सांभाळायला दिली ती सावरली, आणि जितक्या लवकर दिली तितकी अधिक. मग बोर्डिंगचं कौतुक कसं करायचं? माझं उत्तर असं. तान्ह्या मुलासाठी संस्था हा पर्याय नव्हेच. त्याला माणूस लागतं, स्वतःचं. दहा-बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मागे घर आहे, ते दूर किंवा दुबळं आहे, आणि पुढे त्याला नावाने ओळखणारं, आजारी पडल्यावर उशाशी बसणारं कुणी वसतिगृहात आहे. लक्ष्मीबाई होत्या म्हणून ते बोर्डिंग होतं. नुसत्या खोल्या आणि खाटा असत्या तर तेही कोंडवाडाच झालं असतं. आश्रमशाळांमधल्या अत्याचारांच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा याच फरकाची किंमत मुलं मोजत असतात. त्यामुळे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं काढताना पहिला प्रश्न रात्री तिथे कोण झोपतं, हा असायला हवा. इमारतीचा निधी त्यानंतर.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यातून आलेलं काम या परंपरेला जोडणारं आहे. ‘परिवर्तन’ने व्यसनमुक्तीचं काम केलं; अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांमधून मानसमित्र तयार झाले. अंगात येणाऱ्या बाईला देवऋषाकडून सोडवून आणल्यावर तिच्याशी बोलायचं कुणी, हा प्रश्न त्या कार्यकर्त्यांसमोर उभा राहिलाच असणार. अंगात येणं हा कधीकधी वर्षानुवर्षांच्या कोंडमाऱ्याला सापडलेला एकमेव मान्य आवाज असतो. तो बंद करताना दुसरा आवाज द्यावा लागतो. ते काम प्रशिक्षित शेजारी करू शकतो.

हे पुस्तक आत्ताच का यावं? पूर दोन वर्षांच्या अंतराने आले. करोनात शाळा बंद राहिल्या, घरात कोंडलेल्या पोरांनी काय पाहिलं ते आता वर्गांत दिसतं आहे. शाळा आरोग्य तपासणीत दात, डोळे, हिमोग्लोबिन पाहिलं जातं, ते पाहणारे हात गावोगाव पोचले आहेत. ‘आशा’ आणि अंगणवाडी सेविका घराचा उंबरठा ओलांडून आत जातात. माणसं आहेत. त्यांना काय पाहायचं, कसं विचारायचं आणि विचारल्यावर जे ऐकू येईल ते कसं सांभाळायचं, याचं शिक्षण मराठीत, त्यांच्या कामाच्या भाषेत मिळायला हवं.

पुस्तकातले लेखक डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत, वसतिगृहात आयुष्य घालवलेले कार्यकर्ते आहेत. ते सगळे एकमेकांशी सहमत नाहीत आणि संपादनात ते मतभेद पुसलेले नाहीत, हे मला आवडलं. कुणी मेंदूपासून सुरुवात करतं, कुणी मुकादमाच्या वहीपासून. ज्यांनी आपल्या बालपणाबद्दल सांगितलं त्यांची नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुणाचाही अनुभव रंगवलेला नाही. जिथे थांबायला हवं तिथे लेख थांबतात. उपचारांची पाककृती इथे मिळणार नाही. गावात, शाळेत, दवाखान्यात उद्यापासून वेगळं काय विचारता येईल, याचा शोध मिळेल.

वाचताना स्वतःचं लहानपण समोर येण्याची शक्यता आहे. तसं झालं तर पुस्तक मिटून ठेवावं, विश्वासातल्या माणसाशी बोलावं. बोलायला कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि संकटातल्या मुलासाठी १०९८. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही.

एक उणीव मला जाणवली. आटपाडी-जतकडच्या मेंढपाळांची मुलं वर्षातले कित्येक महिने कळपामागे परमुलखात असतात. त्यांच्यावर या पुस्तकात स्वतंत्र लेख नाही. वाड्यावर जाऊन, त्यांच्याबरोबर चालून कुणी तो लिहिला तर पुढच्या आवृत्तीत त्याची जागा राखून ठेवली आहे, असं संपादकांनी मला सांगितलं आहे.